समोरासमोरच्या दोन ओळी

कोरकू आदिवासींच्या गावाला मध्य असतो, पण चौक नसतो. एक रुंद, सरळ, झाडून लख्ख केलेली वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या घरांच्या दोन लांब ओळी, एवढाच त्याचा आराखडा. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर माती आणि शेणाचा गिलावा. छपरावर कौले किंवा गवत. पुढे ओटा, मागे कुडाचे कुंपण घातलेली बाडी. बाडीत पावसाळ्यात मका उभा असतो आणि कुंपणावर वाल, भोपळा, दोडका चढलेला असतो.

एका ओट्यावर बसून समोरच्या ओट्याशी आवाज न चढवता बोलता येईल, इतकेच अंतर मधल्या वाटेचे. कोणाकडे पाहुणा आला, कोणाची चूल अजून पेटली नाही, कोणाचे लेकरू दुपारपासून रडते आहे, हे समोरच्या ओळीला आपोआप कळते. लग्नाचा मांडव याच वाटेवर पडतो, होळीचा नाचही येथेच होतो आणि भांडण झाले तर तेही येथेच मिटवावे लागते. ब्रिटिश काळातील अधिकाऱ्यांनी जंगलातल्या लोकांविषयी तुच्छतेने पुष्कळ लिहिले. या गावांच्या नीटनेटकेपणाची नोंद मात्र त्यांनाही घ्यावी लागली. केर काढण्याचे आणि सारवण्याचे ते श्रम बायकांचे. आजही भल्या पहाटे गावात पहिला आवाज येतो तो खराट्याचा.

ही गावे भोपाळपासून फार दूर नाहीत. भोपाळहून नागपूरकडे निघालेली गाडी नर्मदा ओलांडते, इटारसी सोडते आणि घोडाडोंगरी, धाराखोह, मरामझिरी करीत सातपुड्याचा घाट चढते, तेव्हा ती कोरकूंच्या मुलखातून जात असते. भोपाळच्या मराठी घरांतील माणसे दिवाळी-उन्हाळ्यात हाच घाट ओलांडून विदर्भात जातात. खिडकीबाहेरच्या सागाच्या रानाआड नर्मदापुरम, हरदा, बैतूल, छिंदवाडा, खंडवा, बुरहानपूर आणि महाराष्ट्रातला मेळघाट असा एक सलग डोंगरी प्रदेश पसरलेला आहे. त्याच्या पूर्वेला पचमढीचे धूपगड १,३५२ मीटरपर्यंत चढते आणि नैर्ऋत्येला चिखलदऱ्याजवळचे वैराट १,१७८ मीटरपर्यंत. कोरकू गावे या दोन्ही डोंगरांच्या अंगाखांद्यावर आणि मधल्या खोऱ्यांत आहेत.

तोबा तळ्याकाठचा हुता

दोन ओळींचे गाव ही केवळ सातपुड्याची गोष्ट नाही. इंडोनेशियात, सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात तोबा नावाचे तळे आहे. लांबी सुमारे १०० किलोमीटर, रुंदी ३०, आणि पाण्याची पातळी समुद्रापासून सुमारे ९०० मीटर उंच. त्याच्या काठच्या डोंगराळ पठारावर बाटाक लोकांची गावे आहेत. तोबा बाटाकांच्या बोलीत गाव म्हणजे ‘हुता’. जुना हुता लहान असे, बहुधा एका वंशाने वसवलेला. भोवती मातीचा बांध, बांधावर बांबूचे दाट बन. आत एका बाजूला खोगिराच्या आकाराच्या उंच छपरांची, खांबांवर उचललेली घरे आणि समोर भाताच्या कोठारांची ओळ. मधले अंगण मोकळे. धान्य आणि माणसे एकमेकांकडे पाहत बसलेली.

बाटाकांमध्ये कुळाला ‘मार्गा’ म्हणतात आणि एका मार्गात आपसात लग्न होत नाही. त्यामुळे प्रत्येक घराचे तीन संबंध ठरलेले असतात: आपले कुळबंधू, ज्यांच्याकडून सून आणली ते आणि ज्यांच्या घरी लेक दिली ते. या रचनेला त्यांनी नाव दिले आहे ‘दालिहान ना तोलू’, म्हणजे चुलीचे तीन दगड. तीन दगडांची चूल मांडलेल्या कोणाही बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही.

कोरकू आणि बाटाक यांचे रक्ताचे किंवा भाषेचे नाते नाही. बाटाक बोली मलय, जावानीज यांच्या ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या. कोरकू वेगळ्याच, ऑस्ट्रोआशियाई कुळातली. या दोन मुलखांमध्ये एक धागा आहे तो मात्र राखेचा. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी तोबाचा प्रचंड ज्वालामुखी फुटला. त्याच्या ढासळलेल्या मुखात आजचे तळे साठले आहे आणि त्या स्फोटाची राख समुद्र ओलांडून मध्य प्रदेशातल्या शोण नदीच्या खोऱ्यात पडली. तिथल्या दरडींत तिचा पांढुरका थर अजून दिसतो. गावांच्या साम्याचे कारण मात्र राखेत शोधायला नको. डोंगरात सपाट जागा थोडी, जंगल जवळ, आणि घरे एकमेकांच्या नात्यातली. अशा ठिकाणी एकमेकांवर नजर राहील असे बसणे दोन्हीकडच्या लोकांना सुचले.

वारुळाची लाल माती

‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे, इतके साधे ते नाव. ही माणसे कुठून आली याची कथा रसेल आणि रायबहादूर हीरालाल यांनी १९१६ च्या आपल्या चार खंडांच्या ग्रंथात नोंदली. तिची सुरुवात रावणापासून होते. विंध्य आणि सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाला विनवले, येथे माणसे वसव. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला पाठवले. बैतूलच्या डोंगरांत, सावळीगड आणि भंवरगड यांच्या रांगांमध्ये ते सापडले. त्या मातीच्या दोन मूर्ती घडवल्या, एक पुरुषाची, एक बाईची. पण इंद्राचे घोडे आले आणि त्यांनी मूर्ती तुडवल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. मग महादेवाने आधी एक कुत्रा घडवला, त्याने घोड्यांना हुसकावले, आणि मूर्तींत प्राण आला. ती मूला आणि मुलई, कोरकूंची आद्य जोडी.

या कथेत राखणदार माणसाच्या आधी जन्मतो. रानाच्या कडेला शेत करणाऱ्याला हा क्रम पटतो, कारण रानडुकरे एका रात्रीत शेत कसे तुडवतात ते त्याने पाहिलेले असते. कथेतला रावण हा याचक आहे, उपकारकर्ता आहे. म्हणूनच अनेक कोरकू गावांत रावण आणि मेघनाद यांना मान आहे. होळीच्या दिवसांत मेघनादाचा उंच खांब पुजतात, आणि दसऱ्याला रावण जाळण्याची रीत त्यांना परकी, दुखावणारी वाटते.

गावाच्या वेशीपाशी किंवा वाटेच्या कडेला दगडांची रास दिसते. तो मुठवा देव, गावाचा राखणदार. त्याला ना देऊळ, ना कळस. त्याच्या जोडीला डोंगरदेव आहे, बाघदेव आहे. त्यांची पूजा भूमका करतो. पेरणीच्या आधी, नव्या धान्याच्या वेळी, गावावर रोगराई आली की. दुखण्याचे कारण शोधणारा पडियार वेगळा.

उफुन, मोनोई

मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई. हे एक ते पाच. पाणी म्हणजे दा, वाघ म्हणजे कुला, कुत्रा म्हणजे सीता. मराठी किंवा हिंदी कानाला हे शब्द अनोळखी वाटतात, पण झारखंडमधल्या मुंडारी बोलणाऱ्याला यातले कितीतरी घरचे वाटतील. मुंडा भाषांच्या कुटुंबातील कोरकू ही सर्वांत पश्चिमेची. बहिणी सगळ्या छोटा नागपूर आणि ओडिशाकडे, आणि ही एकटी शेकडो किलोमीटर दूर सातपुड्यात, गोंडी, हिंदी आणि मराठी यांच्या गराड्यात. २०११ च्या जनगणनेत तिचे ७,२७,१३३ भाषक नोंदले गेले. मेळघाटातून वाहणाऱ्या सिपना नदीचे नाव याच भाषेतले आहे. सिपना म्हणजे साग.

कोरकूंच्या शेजारी निहाल राहतात. त्यांची निहाली ही बोली जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही. बोलणारे अवघे दोनेक हजार, तेही मुख्यतः बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात. मध्य प्रदेशाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहालांना स्वतंत्र ओळ नाही. कोरकूंच्याच नोंदीत त्यांचे नाव आहे. एका दुर्मिळ भाषेच्या माणसांना स्वतःची ओळसुद्धा मिळू नये, हे खटकते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. तोवर हा सारा मुलूख ‘मध्य प्रदेश’ नावाच्या एकाच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. त्या दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. बैतूल, खंडवा, छिंदवाडा त्यात राहिले आणि अमरावतीसह विदर्भ मुंबई राज्यात गेला. सीमारेषा कोरकूंच्या मधोमध पडली. सोयरिक आजही रेषेपलीकडे होते, पण मामाचा मुलगा शाळेत मराठी शिकतो आणि आत्याचा हिंदी. दोघांचीही पहिली यत्ता परक्या भाषेत सुरू होते. घरी ‘दा’ म्हणणाऱ्या मुलापुढे फळ्यावर ‘पाणी’ किंवा ‘पानी’ येते, आणि कोरकू न समजणारा गुरुजी त्या मुलाच्या गप्प बसण्याला मंदपणा समजू शकतो. डोंगरातल्या शाळागळतीची चर्चा येथून सुरू व्हायला हवी.

आडनावांतही ही सरमिसळ दिसते. कासदा, बेठे, जांबू, भिलावा ही कुळनावे. यांतली कितीतरी झाडांवरून आलेली. मराठीच्या सहवासात त्यांना ‘कर’ लागला आणि कासदेकर, बेठेकर, जांभेकर, भिलावेकर झाले. मराठी माणूस ‘कर’ ऐकला की गाव विचारतो. येथे त्या नावामागे गाव नाही, कूळ आहे. एका कुळात लग्न होत नाही. लग्नात वरपक्ष वधूपक्षाला देज देतो. ते देण्याची ऐपत नसेल तर मुलगा सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षे राबतो. अशा जावयाला लमझना म्हणतात.

सातबारा नसलेले गाव

जुन्या काळी डोंगर-उतारावरचे रान तोडून, जाळून, राखेत कोदो-कुटकी पेरायची आणि जमीन थकली की पुढे सरकायचे, अशी शेती होती. ब्रिटिशांना सागाची गरज होती, रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि बांधकामासाठी. १८६५ मध्ये सातपुड्यातले बोरीचे जंगल राखीव झाले; राखीव जंगलाचा देशातला तो अगदी सुरुवातीचा प्रयोग. कॅप्टन जेम्स फॉरसाइथ यांनी याच डोंगरांवर लिहिलेले पुस्तक १८७१ साली निघाले. बोरी राखीव होण्याआधी थोडीच वर्षे, १८५८ मध्ये, तात्या टोपे सातपुडा ओलांडत असताना हर्राकोटचे जागीरदार भभूतसिंह त्यांच्या मदतीला उभे राहिले होते. पुढे इंग्रजांनी त्यांना पकडून मारले. जंगल राखीव करणे म्हणजे केवळ झाडांची मोजदाद नव्हती. ज्या डोंगरांनी बंड लपवले, तेही त्यामुळे सरकारच्या मुठीत आले.

माणसे जंगलातून काढली, पण मग लाकूड तोडायला, वणवा विझवायला, रस्ते करायला मजूर कुठून आणायचे? त्यातून वनगावे निघाली. वनखात्याने कुटुंबामागे थोडी जमीन पट्ट्याने द्यायची आणि बदल्यात कुटुंबाने खात्याच्या कामाला हजर राहायचे. जमीन कसता येई, पण ती आपली नव्हे. गाव महसुली नाही म्हणून सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. विहीर किंवा रस्ता करायचा तरी वनखात्याची परवानगी. ज्या दोन ओळी गावाने नात्याने मांडल्या होत्या, त्या खात्याच्या वहीत मजुरांची हजेरी झाल्या. हा अन्याय स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके तसाच चालू राहिला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा तो लेखी मान्य केला. कसत्या जमिनीवर हक्क, वनगावाला महसुली दर्जा आणि ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, अशी वाट त्याने उघडली. ती चालून दाखवली ती मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीरने. या कोरकू गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेली टेकडी गावाने राखली, चराईला शिस्त लावली, आणि तिथल्या सीताफळांची विक्री ग्रामसभेच्या हातात घेतली. सीताफळाच्या झाडाला जनावर तोंड लावत नाही, पाणी फारसे लागत नाही, आणि फळ दिवाळीच्या सुमाराला उतरते, म्हणजे नेमके हातात पैसा हवा असतो तेव्हा.

दिवाळी ते होळी

कारण दिवाळीनंतर गाव रिकामे होते. कोरडवाहू शेतातला मका, ज्वारी, सोयाबीन घरात आला, की रब्बीला पाणी नसलेली कुटुंबे परतवाडा, अमरावती, अकोल्याकडे किंवा मध्य प्रदेशात नर्मदाकाठच्या गव्हाच्या मुलखात मजुरीला उतरतात. भांडीकुंडी, कोंबड्या आणि लहान मुले बरोबर. दोन्ही ओळींतल्या बऱ्याच दारांना कड्या लागतात. म्हातारी माणसे ओट्यावर बसून राहतात. शाळेचा पट याच महिन्यांत फाटतो.

होळीला सगळे परततात. कोरकूंचा वर्षातला सर्वांत मोठा सण तोच. कमाई हातात असते, मोह फुलायला लागलेला असतो. दिवसचे दिवस ढोलकी आणि भुगडू, म्हणजे त्यांची बासरी, वाजत राहते. गादली-सुसूनचा नाच चालतो, बायका एकमेकींच्या कमरेला विळखा घालून सावकाश पावले टाकतात. सडकेवर गाड्या अडवून ‘फगवा’ मागण्याचा हक्क या दिवसांत बायकांना असतो. मग मोहफुले वेचायची, त्यामागोमाग चारोळी, मग तेंदूपत्ता. या तीन कामांचा पैसा पेरणीपर्यंत पुरवायचा.

अवघड दिवस त्यानंतर येतात. आषाढ ते भाद्रपद कणगी रिकामी, ओढे भरलेले, वाटा तुटलेल्या. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी १९९० च्या दशकात महाराष्ट्र हादरला. त्या मृत्यूंचे मूळ या महिन्यांत आहे. आई दिवसभर रोवणी-निंदणीला, घरात धान्य नाही, पाण्यातून जुलाब, आणि दवाखाना नदीपलीकडे. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंभा’ ही प्रथा क्रूर आहे आणि ती बंद झालीच पाहिजे. पण आई पडियाराकडे धावते, कारण तो समोरच्या ओळीत राहतो, तिच्या भाषेत बोलतो आणि मध्यरात्री उठतो. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी धारणी तालुक्यातल्या बैरागडमध्येच घर केले, तेथेच राहून लोकांवर उपचार केले आणि शेतीही केली. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचे मर्म औषधाइतकेच शेजारात आहे.

श्यामला टेकडीवरची घरे

भोपाळच्या मोठ्या तलावावर श्यामला टेकडी आहे आणि तिच्या सुमारे २०० एकरांवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पसरलेले आहे. त्याच्या खुल्या प्रदर्शनात देशभरच्या आदिवासींची खरीखुरी घरे उभी आहेत. ती बांधायला त्या-त्या गावची माणसे येथे आली, आपल्याकडचे लाकूड, गवत, बांबू घेऊन आली, आणि छपरे शाकारायला ती पुन्हा बोलावली जातात. जवळच २०१३ मध्ये उघडलेले राज्याचे जनजातीय संग्रहालय आहे. गोंड, भिल्ल, बैगा, कोल, भारिया, सहरिया यांच्या सोबतीने तेथे कोरकूंचे जग मांडलेले आहे.

शहरातल्या मुलांना हे घडवणारे हात दिसावेत, यासाठी ही दोन्ही ठिकाणे मोलाची. फक्त संग्रहालयाला एक गोष्ट आणता येत नाही: समोरचे घर. एकटे घर कितीही अस्सल असले तरी त्याच्या ओट्यावरून दिसणारे शेजाऱ्याचे दार तेथे नसते.

सागाचे मुंडे

गावाच्या दोन ओळींपासून थोडे दूर, एखाद्या जुन्या झाडाखाली, तिसरी ओळ असते. ती मुंड्यांची. मुंडा म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला सागाचा चौकोनी कोरीव खांब, जमिनीवर जेमतेम गुडघ्याइतका. वर सूर्य-चंद्र, खाली हातात शस्त्र घेतलेला घोडेस्वार. रसेल-हीरालाल यांच्या नोंदीत कोळी आणि माणसाचा कानही कोरल्याचे आढळते. ज्यांनी कधी घोडा बाळगला नाही, अशा माणसांनाही मेल्यावर घोडा मिळतो.

कोरकू मृताला बहुधा पुरतात. त्यानंतर कधीतरी सिडोलीचा विधी होतो, त्याला काही ठिकाणी फूलजगनी म्हणतात. सुतार मुंडा घडवतो, सोयरेधायरे जमतात, बकरा पडतो, मोहाची दारू ओतली जाते, नाच होतो, आणि मृताचा आत्मा पूर्वजांच्या रांगेत जाऊन बसतो. बाटाकांकडेही असाच दुसरा निरोप आहे: पूर्वजांची हाडे उकरून, धुऊन, कुळाच्या स्मारकात पुन्हा ठेवण्याचा. त्यासाठी जकार्ता-मेदानला गेलेले बाटाक गावी परततात आणि वर्गणी काढतात. दोन्हीकडे हा खर्च मोठा असतो, म्हणून दोन्हीकडे तो वर्षानुवर्षे लांबतो.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे सातपुडा प्रकल्पही. वाघाला निर्धोक रान हवे, हे खरे आहे. त्यासाठी आतली गावे बाहेर हलवली जाऊ लागली. कोहा, कुंड आणि बोरी ही मेळघाटातली पहिली काही. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये, नंतर पंधरा लाख, असा मोबदला ठरला. अनेक कुटुंबांना त्यातून रस्ता, वीज, शाळा मिळाली. पण पैसा हातात आला आणि जमीन आली नाही, तेथे तो टिकला नाही. अकोला जिल्ह्यात हलवलेल्या केलपाणी, गुल्लरघाट परिसरातल्या गावांचे लोक आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणत जंगलात परतले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात आणि वनकर्मचाऱ्यांत हिंसक चकमक झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

पुनर्वसनाच्या आराखड्यात घरे आखली जातात, स्मशानाची जागाही दाखवली जाते. पूर्वजांची जागा अशी दाखवून देता येत नाही. ती एका विशिष्ट झाडाखाली असते, आणि ते झाड आता प्रकल्पाच्या हद्दीत असते. रीतीप्रमाणे प्रत्येक पूर्वजाला स्वतंत्र मुंडा हवा. गरीब घरे मात्र एकाच खांबावर अनेक पूर्वजांची सोय करतात, आणि सिडोलीसाठी मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षे थांबायचीही मुभा आहे. तोवर मृत माणूस घराभोवतीच वावरतो, असे मानतात.